फळा बाहेर काढताना

दौंडमधल्या एका किराणा दुकानासमोर, चुन्यानं आखलेल्या गोलात उभी असताना राजश्रीला पहिल्यांदा कळलं, की आपण सुट्टीवर आहोत. ही बातमी तिला दुकानदारानं दिली. साखर मोजता मोजता तो म्हणाला, की मॅडम, तुमचं एक बरंय, शाळेला कुलूप आणि पगार घरपोच. राजश्रीच्या पिशवीत त्या वेळी ताप मोजायचं पिस्तूल होतं आणि बोटाला लावायचं ऑक्सिमीटर होतं. सकाळभर ती वस्तीवर दारोदार जाऊन कोण खोकतंय आणि कोण खोकत असूनही नाही म्हणतंय, याची चौकशी करून आली होती. त्याआधी तिनं वरवंडजवळ हायवेवरच्या नाक्यावर उभं राहून ट्रकांचे नंबर लिहिले होते, आणि त्याच्याही आधी रेशनच्या रांगेतल्या माणसांना एकमेकांपासून लांब सरकवलं होतं. हे सगळं सांगायला तिनं तोंड उघडलं. पण तोंडावर मास्क होता, आणि मास्कमधून केलेला खुलासा कुणालाच पटत नाही, हे त्या कोरोनाच्या पहिल्या वर्षात सगळ्यांना कळून चुकलं होतं.

मागच्या गोलातल्या गृहस्थांनी माहिती पुरवली, की त्यांची मेहुणीही शिक्षिका आहे आणि घरी बसून ती केक करायला शिकली. पुढच्या गोलातल्या बाई मान वळवून 'हो का' म्हणाल्या. विषय असा गोलागोलानं, सुरक्षित अंतर राखून, रांगेच्या शेवटापर्यंत गेला. तिथं पोचेपर्यंत शिक्षकांना घरी बसल्याबद्दल सरकार जादा भत्ता देतं, असं त्याचं रूप झालं होतं.

राजश्रीचा नवरा धम्मदीप रेल्वेत होता. मालगाड्या चालूच होत्या, त्यामुळे त्याची ड्यूटीही चालू होती. त्याचं म्हणणं असं, की गाडी उशिरा आली की लोक रेल्वेला जे बोलतात त्याच्यापुढे हे काहीच नाही, आणि रेल्वेनं एवढ्या वर्षांत ते कधी मनाला लावून घेतलेलं नाही. शेजारच्या सुषमाकाकूंनी गॅलरीतून वेगळा सल्ला दिला. त्यांच्या मते राजश्रीनं रोज सकाळी साडी नेसून, हातात हजेरीचं पुस्तक घेऊन सोसायटीच्या गेटपर्यंत नुसतं जाऊन यावं. काम केलेलं कुणाला दिसत नाही, निघालेलं दिसतं. सल्ला अगदीच टाकाऊ नव्हता, पण राजश्रीनं तो मानला नाही.

खरी ठिणगी पडली ती शाळेच्या गावी. खुटबावच्या पुढे, उसाच्या रानांतून आत गेलं की हिंगणमळा लागतो. तिथं दोन खोल्यांची शाळा. एका खोलीत मुख्याध्यापक ज्ञानेश सर, दुसऱ्या खोलीत राजश्री. वस्तीवर सगळ्यात मोठा गोठा तुळजाबाईंचा. मुलगा विक्रम उपसरपंच होता, पण सरपंचसुद्धा काही ठरवायच्या आधी तुळजाबाईंच्या ओट्यावर चहा घेऊन जात. राजश्री ताप मोजायला गेली तेव्हा तुळजाबाई धार काढत होत्या. त्यांनी कपाळ पुढे केलं, ताप नाही हे ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "मॅडम, आमच्या गाईनं दूध द्यायचं बंद केलं आन् तरी आमी तिला रोज पेंड घातली, तर लोक आमाला काय म्हणतील?"

राजश्रीला उत्तर सुचलं, पण ते स्कूटी वरवंडपर्यंत आल्यावर. तिथं ऐकायला कुणी नव्हतं.

त्याच दिवशी तिनं ठरवलं, की शाळा भरवायची. कशी, कुठं, कुणाच्या परवानगीनं, ते पुढचं पुढं.

मोबाईलवरचा मार्ग तोवर करून झाला होता. तिसरीच्या वर्गाचा ग्रुप होता, पण फोन बापाचा, आणि बाप कारेगावला कंपनीत. त्यामुळे सकाळी पाठवलेलं गणित पोराला दिसायचं ते बाप कामावरून आल्यावर, बॅटरी उरली तर. मधल्या वेळात ग्रुपवर कांद्याचे भाव, एक गाभण म्हैस विकणे आहे, आणि फुलांच्या परडीतून उगवणारा सूर्य, असा अभ्यास होत असे. एकदा राजश्रीनं वजाबाकीची उदाहरणं टाकली, तर कुणाच्या तरी आजोबांनी खाली 'सुखी राहा' असं लिहिलं. उदाहरणं मात्र कुणी सोडवली नाहीत.

म्हणून तिला फळा हवा होता. शाळेत एक चांगला लाकडी फळा होता, पायांच्या घोडीसकट. तो उचलायचा, वस्तीवरच्या मोकळ्या खळ्यात मांडायचा, पोरांना लांब लांब बसवायचं, झालं. यात अडचण एवढीच होती, की शाळेत तेव्हा विलगीकरण कक्ष होता. मुंबई-पुण्याहून कुणी गावात आलं, की ग्रामपंचायतीची समिती त्याला मुदत संपेपर्यंत शाळेत ठेवायची. वर्गात खाटा आल्या होत्या आणि फळा मागच्या अडगळीच्या खोलीत गेला होता.

ज्ञानेश सर सज्जन माणूस. त्यांनी आयुष्यात एकही वस्तू हरवू दिली नव्हती, आणि त्यासाठी शक्यतो एकही वस्तू वापरू दिली नव्हती. ते म्हणाले, की फळा ही जडवस्तू आहे, तिची नोंद शाळेच्या आवारात आहे, आवाराबाहेर न्यायची तर वरून लेखी पाहिजे. वर म्हणजे केंद्रप्रमुख. त्यांनी फोनवर राजश्रीचं तोंडभरून कौतुक केलं आणि लेखी द्यायला पंचायत समितीकडे बोट दाखवलं. पंचायत समितीत कळलं, की इमारत सध्या शिक्षण खात्याकडे नाहीच, ती तहसीलकडे वर्ग झाली आहे. तहसीलच्या दारात बसलेल्या शिपायानं तिथूनच निकाल दिला, की इमारत तहसीलकडे असली तरी आतल्या वस्तू तहसीलकडे नाहीत, गावच्या समितीला विचारा. गावची समिती म्हणजे विक्रम. तो म्हणाला, "न्या की मॅडम, माझी काय ना न्हाई. पण विलगीकरणातनं काय बाहेर काढायचं तर डॉक्टरला इचारा. आन् आईला माझं नाव सांगू नका."

डॉक्टर फोन उचलत नव्हते. त्या दिवसांत कुठलेच डॉक्टर उचलत नव्हते, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता.

इथं दुसरी एखादी बाई थांबली असती. राजश्रीनं काळ्या रंगाचा डबा विकत आणला. विक्रमच्या गोठ्याची रस्त्याकडची भिंत छान रुंद होती. भीत भीत का होईना, विक्रम हो म्हणाला. तुळजाबाई त्या वेळी धाकट्या लेकीच्या बाळंतपणासाठी शिरूरला होत्या, म्हणून त्याला एवढं धैर्य झालं. राजश्रीनं स्वतः ब्रश घेऊन भिंतीवर ऐसपैस काळा चौकोन काढला. दोन हात रंग दिला. वर सुंदर अक्षरात लिहिलं, 'आजचा सुविचार', आणि सुविचार उद्या लिहू म्हणून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध न्यायला येणारा टेम्पो गोठ्यासमोर आला, भिंत पाहिली आणि न थांबता पुढे गेला. झालं असं होतं, की ज्या घरात रुग्ण सापडतो त्याच्या भिंतीवर आता सरकार काळा रंग मारतं, अशी आवई आदल्या संध्याकाळीच चारपाच वस्त्यांवर फिरली होती. 'आजचा सुविचार' या शब्दांचाही काही जणांनी भलताच अर्थ लावला. दुपारपर्यंत विक्रमला नातेवाइकांचे फोन सुरू झाले, कुणाला झालाय, किती सिरियस आहे, ऑक्सिजन लावलाय का. टेम्पोवाला संध्याकाळीही आला नाही. सगळ्या दुधाचा खवा करावा लागला, आणि तो खवाही कुणी घेईना.

तुळजाबाईंनी शिरूरहून फोनवर एवढंच विचारलं, की रंग कुणी दिला. मग त्या म्हणाल्या, "जिनं काळं केलं तिलाच पांढरं करू द्या." राजश्रीनं चुन्याची बादली आणि ब्रश घेऊन ती भिंत पुन्हा पांढरी केली. काळ्यावर चुना चढत नाही, त्यामुळे तीन वेळा केली. वर्गातली पोरं बांधावर ओळीनं बसून बघत होती. मार्चनंतर आपला वर्ग पहिल्यांदाच पूर्ण हजर आहे, हे तिला चुना मारता मारता लक्षात आलं. तिला त्याचं बरंही वाटलं आणि वाईटही.

पण माघार घ्यायची वेळ आता निघून गेली होती. तिनं सगळ्या कचेऱ्यांतल्या उत्तरांचा नीट विचार केला. प्रत्येकानं 'आमच्याकडे नाही' असं म्हटलं होतं, 'नेऊ नका' असं कुणीच म्हटलं नव्हतं. नकार कुठंच नाही, म्हणजे परवानगी आहे, असा तिनं निष्कर्ष काढला आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी शाळेवर पोचली.

फाटकाला दोरी बांधली होती. बाहेर झाडाखाली पहाऱ्याला आशासेविका जाईबाई बसल्या होत्या. त्यांनी आधी ताजी बातमी दिली. पहाटे तुळजाबाई पिकअपमधून, न्हावऱ्याच्या बाजूनं आडवाटेनं परत आल्या होत्या. बाहेरून आलेला माणूस शाळेतच राहील, मग तो कुणीही असो, हा ठराव मागच्या महिन्यात तुळजाबाईंनीच मुलाकडून करून घेतला होता, शेजारणीच्या जावयाला आत घालण्यासाठी. आता तो शेजारणीचा जावई सकाळी ओट्यासमोर येऊन नुसता उभा राहिला. विक्रमनं आईपुढे हात जोडले, आणि तुळजाबाई वळकटी घेऊन ताठ मानेनं शाळेत गेल्या.

राजश्री म्हणाली, की मी अशी गेले आणि अशी आले. जाईबाई नको नको म्हणत असताना ती दोरीखालून वाकून आत शिरली, अडगळीच्या खोलीत गेली, फळा मिळाला. घोडी मात्र एका खाटेच्या पायात अडकली होती. ती सोडवता सोडवता पदर अडकला. पदर सोडवून ती फळ्यासह व्हरांड्यात आली, तर फाटकाशी गाडी थांबली होती आणि जे डॉक्टर फोन उचलत नव्हते ते स्वतः उतरत होते. तुळजाबाईंची नोंद करायला आले होते. तरुण होते, झोप न झाल्यानं डोळे लाल झाले होते.

राजश्रीनं फळ्यामागून सगळी हकिकत सांगितली. डॉक्टरांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, "आत आलात ना? मग आता आतच."

राजश्री म्हणाली, की मला उद्या दारोदार सर्वेक्षणाला जायचंय.

"मग तर अजिबातच बाहेर सोडता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

यात खोड काढण्यासारखं काही नव्हतं. महिलांची खोली म्हणजे राजश्रीचाच तिसरीचा वर्ग. तिथं एक खाट तिला मिळाली. दुसऱ्या खाटेवर तुळजाबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

धम्मदीपला फोन केला तर त्यानं सगळं ऐकून घेऊन कुकरची शिट्टी कुठं ठेवली आहे ते विचारलं. सुषमाकाकूंनी कळवलं, की एका अर्थी बरंच झालं, तेवढाच आराम. सगळ्यात आनंद झाला तो ज्ञानेश सरांना. फळा आवारातच राहिला होता, नोंद बिघडली नव्हती. आत आहातच तर वजनकाटा, पृथ्वीचा गोल आणि घंटा जागेवर आहेत का तेवढं बघा, असंही त्यांनी सुचवलं. संध्याकाळी पंचायत समितीतून विचारणा आली, की आजच्या सर्वेक्षणाची माहिती अजून का आली नाही, आपण घरी बसून आहात का?

पहिले दोन दिवस तुळजाबाई राजश्रीशी बोलल्या नाहीत. तिथल्या चहाला मात्र नावं ठेवली, खाटेला ठेवली, भिंतीवरच्या तक्त्यांनाही ठेवली. त्यांचा डबा घरून यायचा. नात अंकिता, राजश्रीचीच विद्यार्थिनी, तो फाटकाशी ठेवून लांब उभी राहायची. तिसऱ्या दिवशी तुळजाबाईंनी वेळ जावा म्हणून तिला हाक मारून सांगितलं, की भिंतीवर काय लिवलंय ते वाचून दाखव. शाळेच्या भिंतीवर बाहेरून मोठ्या अक्षरात एक ओळ लिहिलेली होती. अंकिता पहिल्या शब्दाला अडखळली. दुसरा तिनं अंदाजानं सांगितला. तिसऱ्याला ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागली.

मार्चपर्यंत हीच मुलगी धडेच्या धडे वाचत होती. तुळजाबाईंनी हे पाहुण्यारावळ्यांना अभिमानानं सांगितलेलं होतं. त्या वळल्या आणि या साऱ्या दिवसांत पहिल्यांदा राजश्रीशी बोलल्या.

"हिला काय झालं वो? येत व्हतं की हिला."

"विसरली आजी," राजश्री म्हणाली. "वापरलं नाही की जातं."

"असं कसं जातं?"

"असंच. सगळ्यांचंच चाललंय."

तुळजाबाईंनी अंकिताला हातानंच घरी पिटाळलं. मग म्हणाल्या, की तो फळा नुसता भिंतीला टेकून कशाला ठेवलाय.

दुसऱ्या दिवशी राजश्रीनं फळा व्हरांड्यात मांडला. अंकितानं डब्याबरोबर तिच्या वर्गातल्या चार पोरी आणल्या, त्यांच्यामागे भाऊ आले. फाटकाबाहेर जाईबाईंनी चुन्यानं गोल आखले. मुलं बाहेर, मॅडम आत, मधे पटांगण आणि दोरी. राजश्रीला ओरडून शिकवावं लागे. घसा बसला, की तुळजाबाई व्हरांड्यातून ओरडत, आणि त्यांचा आवाज शेजारच्या वस्तीपर्यंत जात असे. गोल सोडून कुणी हललं, की त्या त्याच्या बापाचं नाव घेऊन हाक मारत. पुरुषांच्या खोलीत पुण्याहून आलेले दोघे जण होते. ते खिडकीत बसून पाढे म्हणू लागले आणि एकोणीसच्या पाढ्यावरून त्यांचं भांडण झालं.

चांगलं चाललं होतं. त्यामुळे तक्रार होणं भागच होतं.

कुणीतरी रस्त्यावरून फोटो काढला आणि तो फिरला. 'विलगीकरण कक्षात शाळा, शिक्षिकेचा चिमुकल्यांच्या जिवाशी खेळ.' कालपर्यंत जे शिक्षक काहीच करत नाहीत म्हणत होते, ते आता शिक्षकांना एवढं करायला कुणी सांगितलं होतं, असं विचारू लागले. फोटोत राजश्रीचा हात वर होता, आणि ती मुलांना जवळ बोलावते आहे असं त्यावरून ठरलं. खरं तर ती सातचा पाढा म्हणायला खूण करत होती.

पंचायत समितीचे एक साहेब विक्रमला बरोबर घेऊन गाडीनं आले. मास्क हनुवटीवर. मुलांना त्यांनी हाकललं नाही, पण दोरीशी उभं राहून राजश्रीला सुनावलं, की हे ताबडतोब बंद करा, नाहीतर कारवाईला तयार राहा. एवढे दिवस ओरडून राजश्रीचा आवाज गेला होता. तिनं खडू हातात घट्ट धरला. फळ्यासमोरून मात्र ती हलली नाही.

तुळजाबाई व्हरांड्याच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या.

"सायेब, आधी मास्क वर घ्या," त्या म्हणाल्या.

साहेबांनी मास्क वर घेतला.

"आता सांगा, शाळा कुठं हाय? म्या म्हातारी आत अडाकली हाय. माझी नात मला भेटाया येती, लांब उभी ऱ्हाती. तिच्या मैतरणी येत्यात. आता उभ्या उभ्या त्या पाढं म्हणत्यात, त्याला मी काय करू? तुमी म्हणताय तर उद्यापासनं त्यास्नी शिव्या शिकवते. त्याला परवानगी लागती का, ते सांगा."

साहेब विक्रमकडे बघायला लागले. विक्रम आकाशाकडे बघत होता. साहेबांनी गोल मोजल्यासारखं केलं, अंतर ठीक आहे असं जाईबाईंना म्हणाले आणि यात आपण आलो होतो असं कुठं येऊ नये, अशी विनंती करून निघून गेले.

मुदत संपली त्या दिवशी डॉक्टर सकाळीच आले. सगळ्यांचा ताप पाहिला, श्वास पाहिला, सुटी दिली. पुण्याचे दोघे चपला घालून पळालेच. विक्रम पिकअप घेऊन फाटकाशी आला आणि इंजिन चालू ठेवूनच थांबला. तुळजाबाईंची वळकटी बांधून तयार होती. जाईबाईंनी दोरी सोडली. मुलं नेहमीसारखी आपापल्या गोलात उभी होती, कारण आज सुटी आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि फळ्यावर भागाकार अर्धा मांडलेला होता. पंचाऐंशी लाडू, नऊ घरं, प्रत्येकाला किती आणि उरले किती.

डॉक्टर म्हणाले, की मॅडम, चला, मला खोली निर्जंतुक करून घ्यायचीय. राजश्री म्हणाली, की पाच मिनिटं. तिचा आवाज अजून घोगराच होता.

विक्रमनं हॉर्न दिला. आईला हाक मारली, की चल, धारेची वेळ झाली.

तुळजाबाईंनी वळकटी पायरीवर ठेवली आणि तिच्यावर बसल्या. "थांब. उरलं किती ते बघून येते."

"अगं, त्यात काय, पाच उरतील," विक्रम गाडीतूनच म्हणाला.

बाहेरच्या गोलांतून हसू फुटलं. डॉक्टरसुद्धा मास्कच्या आत हसले. तुळजाबाईंना हसण्याचं कारण कळलं नाही, पण मुलाचं चुकलं एवढं कळलं. त्या त्याला म्हणाल्या, की तू गप, तुला कवा येत व्हतं. मग त्यांनी फाटकाकडे बोट केलं.

"अंकिता, तू सांग."

अंकितानं बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. ओठ हलत होते. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं आणि पुन्हा फळ्याकडे बघितलं.

"एकेकाला नऊ," अंकिता हळूच म्हणाली. "आन् उरले चार."

तुळजाबाईंनी मान वळवून राजश्रीकडे पाहिलं. बरोबर की चूक, ते त्यांना स्वतःला ठरवता येत नव्हतं, आणि हे त्यांनी लपवलंही नाही. राजश्री फळ्याकडे वळली आणि बाकीच्या जागी चार हा आकडा लिहून तिनं त्याच्याभोवती गोल काढला.

"इंजिन बंद कर," तुळजाबाई विक्रमला म्हणाल्या. "आन् खाली उतर. फळा गाडीत घ्यायचाय. खळ्यात नेऊन ठेव."

विक्रम उतरला. ज्ञानेश सरांना काय सांगायचं, एवढंच त्यानं राजश्रीला विचारलं.

"मी सांगते त्यांना," राजश्री म्हणाली. "तुम्ही घोडी जपून उचला."